वाडा उतरवण्याआधी सांधा नोंदवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाईत आमच्या घरापासून चार घरे सोडून एक दुमजली वाडा होता. गेल्या फाल्गुनात तो उतरवला. मी सुतारकामाचा निवृत्त शिल्पनिदेशक. ३१ वर्षे आयटीआयमध्ये मुलांना करवत धरायला शिकवली, त्यामुळे कुठे लाकूड उतरत असले की पाय आपोआप तिकडे वळतात. माजघरावरची तुळई दोन तुकड्यांची होती. खांबाच्या डोक्यावर, हस्ताच्या (तुळईखाली बसवलेल्या लाकडी आधाराच्या) आधाराने, सागवानाचे दोन तुकडे आकड्यात आकडा घालावा तसे अडकवले होते आणि मधल्या फटीत दोन्हीकडून पाचरी मारल्या होत्या. खिळा एकही नाही. मी टेप काढून माप घेतो आहे तोवर ठेकेदाराच्या माणसाने अलीकडून आणि पलीकडून यंत्राची करवत चालवली. जुने सागवान घनफुटावर विकले जाते, गिऱ्हाइकाला सरळ, बिनभोकाचा नग लागतो. सांध्याचा सव्वादोन फुटांचा ठोकळा सरपणाच्या ढिगावर गेला. त्या माणसाला मी बोल लावत नाही, हे जपून ठेवायचे असते असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ठोकळा मी खांद्यावर टाकून घरी आणला. त्यातली पाचर आजही हलत नाही.

या सांध्याला काय म्हणायचे, हे मला माहीत नव्हते. पुस्तकातले इंग्रजी नाव मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले होते. पण ज्यांनी तो वाईत, कृष्णाकाठी, सागवानात कापला ते त्याला काय म्हणत असतील? वाड्याच्या मालकांना विचारले, त्यांच्या आईंना विचारले. मग आमच्या आळीतल्या सर्वांत वयस्कर मिस्त्रींकडे ठोकळा घेऊन गेलो. त्यांनी त्यावरून हात फिरवला, पाचर अंगठ्याने दाबून पाहिली. "मिस्त्री, याला तुम्ही काय म्हणायचा?" म्हटले. ते म्हणाले, "नाव कशाला लागतंय मास्तर? वडील असं करून दाखवायचे." आणि त्यांनी दोन्ही हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवली आणि ओढून दाखवली.

त्या दिवसापासून मी आणि माझी भाची एक काम करत आहोत, आणि त्याच कामाबद्दल हे पत्र आहे. लाकडाच्या सांध्यांचे मराठी संदर्भ-संकेतस्थळ आम्ही उभे करत आहोत. प्रत्येक सांध्याला एक पान: आकृती, मापे, कशासाठी वापरायचा, कशासाठी नाही, कोणती हत्यारे लागतात आणि कुठल्या गावात त्याला काय म्हणतात. भाची पुण्यात नोकरी करते, आकड्यांच्या तक्त्यांशी तिचा रोजचा संबंध. मी तिला म्हटले, "आधी साइट कशी दिसेल ते ठरवू." ती म्हणाली, "नाही मामा, आधी तक्ता. तक्ता नीट झाला की पाने आपोआप तयार होतात. तक्ताच वाकडा असेल तर मी कितीही रंग लावले तरी काही उपयोग नाही." हे ऐकून मला माझ्याच कार्यशाळेची आठवण झाली. पहिले दोन महिने मुले फक्त लाकूड गुण्यात, म्हणजे काटकोनात आणत, त्याआधी कोणालाही किंकरे (छिन्नी) मिळत नसे.

माझ्याकडे वह्या होत्या. त्यातले मी एका तक्त्यात उतरवले, प्रत्येक सांध्यासाठी एक ओळ आणि 'माहिती' नावाच्या एकाच रकान्यात सगळे. भाचीने तो रकाना फोडला. जाडी वेगळी, लांबी वेगळी, उतार वेगळा, ताण-दाब-पीळ यांपैकी काय सोसतो ते वेगळे. हे करताना माझ्या लक्षात आले की जे मी ३१ वर्षे एका दमात सांगत होतो त्यात किती गोष्टी मी गृहीत धरत होतो. उदाहरणार्थ, कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली, दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारी जीभ. तिची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. हे प्रत्येक सुतार जाणतो. ३६ मिलिमीटरची चौकट असेल तर १२ मिलिमीटरचे कुसू, आणि १२ चीच पटाशी (भोक पाडायची छिन्नी) हातात असते म्हणून काम सोपे. पण का, हे वहीत कुठेही नव्हते. कुसू जाड केले तर भोकाच्या दोन्ही गालांना लाकूड उरत नाही आणि ते फाटतात, बारीक केले तर कुसूच खांद्याशी, म्हणजे ते जिथून सुरू होते तिथे, मोडते. 'का' असा स्वतंत्र रकाना भाचीने उघडला आणि तो भरायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

पहिला मोठा घोटाळा मापांचा झाला. आमच्या कामात सूत हे माप आहे: इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. मी इंग्रजी अंकांत १/८, ३/८, ५/८ असे टाइप करत गेलो. दुसऱ्या दिवशी तक्ता उघडला तर मापांच्या जागी १ ऑगस्ट, ३ ऑगस्ट, ५ ऑगस्ट. पाव इंच एप्रिलमध्ये गेला होता आणि अर्धा इंच फेब्रुवारीत. स्प्रेडशीट तिरप्या रेघेचा आकडा तारीख समजते, आणि एकदा जतन केले की आत मूळ अपूर्णांक उरतच नाही, तारखेचा एक क्रमांक उरतो. दीडशेच्या वर खाने मी वह्या उघडून पुन्हा भरले. ही अडचण मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही आली आहे. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये 'मार्च १', 'सेप्ट १' यांसारखी नावे बदलून टाकली, कारण स्प्रेडशीट त्यांना तारखा करत होती. आम्हाला मात्र उपाय आमच्या धंद्यातच सापडला. अपूर्णांक लिहायचाच कशाला? सुतार 'तीन-अष्टमांश इंच' म्हणत नाही, 'तीन सूत' म्हणतो. रकान्याचे नाव 'सूत' ठेवले आणि खाली नुसते ३ लिहिले. शेजारी मिलिमीटरचा रकाना हिशेबाने आपोआप भरतो. आमच्या आजोबांचे माप आजच्या तक्त्यात इतके चपखल बसते हे पाहून मला खरोखर भरून आले.

दुसरा घोटाळा अक्षरांचा. माझ्या जुन्या शिकवणीच्या टिपणांपैकी बरीच युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. तक्त्यात चिकटवली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा दिसे. ती रूपांतराच्या साधनातून काढून पुन्हा हाताने तपासावी लागली, कारण रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलतीकडे जात होती. आणि हे निस्तरल्यावरही शोधात 'पायऱ्या' सापडेना. जिन्याच्या पायऱ्या बाजूच्या फळीत खाच पाडून बसवतात तो साधा सांधा, पण शोधणाऱ्याला शून्य उत्तरे. भाचीने खणून काढले: ऱ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठते, कधी एकसंध, कधी 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) असे जोडून. डोळ्यांना तंतोतंत सारखे, यंत्राला वेगळे. आता पाने तयार करण्याआधी तिची आज्ञावली सगळी अक्षरे एकाच प्रकारात आणते. मराठीत कोश, सूची, याद्या संकेतस्थळावर नेणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तपासावे, कारण चूक दिसत नाही, फक्त शब्द सापडत नाहीत.

वर्गीकरण कसे करायचे यावर आम्ही बराच काळ अडलो होतो. इंग्रजी पुस्तके आकारावरून जातात. शेवटी जपानी सुतारांची पद्धत उपयोगी पडली. ते मुळातच दोन घराणी मानतात: लाकूड लांबीत वाढवणारे जोड ते 'त्सुगिते', आणि दोन लाकडे कोनात भेटतात ते 'शिगुची'. आम्ही पहिल्या रकान्यात लांबीचा, कोनाचा आणि फळ्यांसाठी रुंदीचा असे तीन भाग केले. माझ्या घरातला ठोकळा लांबीच्या जोडांत गेला. जपानमध्ये खांबाचा कुजलेला पाय कापून नवा तुकडा जोडायला 'कानावा त्सुगि' नावाचा सांधा वापरतात. त्यातही दोन आकडे आणि मध्ये पाचरीसारखी एक किल्ली. आमच्या तुळईतल्या सांध्याचा हा जवळचा नातेवाईक. तिथल्या लाकडी वास्तू जतन करण्याच्या १७ कौशल्यांना २०२० मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तिथे सांध्याला नाव आहे, तो कापणारा माणूस आहे आणि त्याच्या हाताखाली शिकणारा मुलगाही आहे.

नावांसाठी आम्ही दुसरा, वेगळा तक्ता केला. कारण एका सांध्याला अनेक नावे असतात आणि एकच नाव अनेक सांध्यांना. मी कुसू म्हणतो, माझे विद्यार्थी टेनन म्हणतात, उत्तरेकडून इथे कामाला आलेले कारागीर चूल म्हणतात आणि भोकाला साल. 'खाच' तर तीन निरनिराळ्या गोष्टींना म्हणतात. फळीच्या कडेला पाडलेल्या पायरीसारख्या खाचेला कोणी पताम म्हणते, कोणी नुसती 'पट्टी मारली' म्हणते. म्हणून प्रत्येक नावाची स्वतंत्र ओळ, पुढे ते कुठल्या तालुक्यात ऐकले, सांगणारा काय काम करतो, कधी ऐकले, आणि शेवटी सांध्याचा क्रमांक. हा क्रमांक म्हणजे दोन तक्त्यांना जोडणारे कुसू. पानाचा पत्ताही नावावर नाही, क्रमांकावर आहे, म्हणजे उद्या अधिक चांगले नाव मिळाले तरी कोणाचा जपून ठेवलेला दुवा तुटत नाही. बाकी संकेतस्थळ साधे आहे. भाचीची आज्ञावली दोन तक्ते वाचते, एका साच्यात ओतते आणि पाने तयार करून ठेवते. आकृत्या रेषांच्या आहेत, त्यामुळे साध्या फोनवर, कमी नेटमध्येही उघडतात. एक पान एका ए-फोर कागदावर छापता येते, कारण कामाच्या ठिकाणी भुशात कोणी फोन काढत नाही, कागद भिंतीला लावतो.

एक रकाना मी हट्टाने ठेवला आहे: 'पावसाळ्यात काय होते'. मी पाहिलेल्या परदेशी संदर्भांत तो कुठेच दिसला नाही, आणि आमच्याकडे त्यावाचून सांधा समजतच नाही. सागवान ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते, गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आणि लांबीत जवळजवळ नाहीच. आषाढात तेच लाकूड हवेतली ओल पिऊन पुन्हा थोडे फुगते. दरवाजाच्या खालच्या रुंद आडव्या पट्टीला एकच रुंद कुसू काढले तर ते रुंदीत फुगते, पण ज्या उभ्या पट्टीत ते बसले आहे ती लांबीत हलत नाही. मग तडा जातो किंवा कुसू सैल होते. म्हणून जुन्या मिस्त्रींनी रुंद पट्टीला दोन कुसवे काढली आणि मध्ये जागा सोडली. दरवाजातल्या फळीला खाचेत सरस लावत नाहीत, ती मोकळी ठेवतात, तेही याच कारणाने. आणि खुंटी! सांधा खुंटीने घट्ट करायचा असेल तर कुसूमधले भोक बाहेरच्या भोकाच्या समोरासमोर पाडत नाहीत, अर्धा सूत खांद्याकडे सरकवून पाडतात. खुंटी ठोकली की ती कुसूला आत ओढून घेते आणि खांदा कायमचा चिकटून बसतो. हा अर्धा सूत मला वडिलांनी शिकवला. ते बैलगाड्यांची चाके करत. तुंब्यात (चाकाच्या मधल्या ठोकळ्यात) आरे बसवताना 'लाकूड उद्या काय करील ते आज कापायचं' असे ते सांगत.

फेव्हिकॉल १९५९ मध्ये आले आणि सरस उकळण्याचा त्रास गेला, ते चांगलेच झाले. प्लायवूडमधल्या तंतूंना एकच दिशा नसते, त्यात कुसू काढण्यात अर्थ नाही, तिथे स्क्रूच योग्य, हे मी वर्गातही सांगत असे. मला जुन्या कामाचा हट्ट नाही. पण ज्या घरात अजून शंभर-दीडशे वर्षांचे सांधे भार तोलून उभे आहेत, ती घरे आज आपल्या डोळ्यांसमोर उतरत आहेत आणि त्यातले काय गेले याची एका ओळीची नोंद होत नाही. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातले (१८०७) सुरूच्या आकाराचे सागवानी खांब पाहायला माणसे जातात, कोरीव कामाचे फोटो काढतात. खांब वर तुळईला कसा धरतो तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. शब्दांचेही तेच. आमच्याच गावात विश्वकोशाचे कार्यालय आहे, खंड नेटवर वाचता येतात. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोशही नेटवर शोधता येतो. तिथे शब्द आहेत आणि मी त्यांचा आधार घेतो. पण कोशातला शब्द आणि हातातला ठोकळा यांची गाठ घालून देणारा माणूस आता सत्तरीच्या पुढे आहे.

झांबियात कलाम्बो धबधब्याजवळ खाच पाडून एकमेकांवर बसवलेली दोन लाकडे सापडली, ती किमान ४ लाख ७६ हजार वर्षांपूर्वीची असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. म्हणजे आपण आज ज्याला माणूस म्हणतो तो येण्याच्या आधीची. ओल्या गाळात लाकूड राहिले, सांधा राहिला. तो कापणाऱ्यांनी त्याला काही म्हटले असेल का, हे आता कोणत्याही गाळातून मिळणार नाही. वाईच्या तुळईचे तसे व्हायला नको होते, कारण तिला नाव देणारी माणसे कालपरवापर्यंत इथेच होती.

आज आमच्या तक्त्यात ६४ सांधे आहेत. त्यातले ४१ मी स्वतः कापून पाहिले आहेत, आणि तशी तारीख समोर लिहिली आहे. न कापलेल्या सांध्याच्या पानावर ते स्पष्ट दिसते. कबुतराच्या शेपटीच्या सांध्याला मऊ लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक उतार, हे पुस्तकात आहेच. पण बाभळीत आठास एक जमते का, हे मी बाभूळ कापल्यावरच लिहिले. मराठी नावाचा खाना २३ सांध्यांपुढे रिकामा आहे. तो भाचीने लपवलेला नाही, 'नाव हवे आहे' असे तिथे छापले जाते.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. पहिली सुतारकाम शिकवणाऱ्या संस्थांकडे. प्रत्येक प्रशिक्षणार्थी सांध्यांचे जॉब करतो, गुण मिळतात आणि ते लाकूड पुढे कोपऱ्यात पडते. त्यातला एक जॉब असा ठेवा की मुलाने आपल्या गावातल्या जुन्या घरातला एक सांधा शोधावा, मोजावा, गावातल्या मिस्त्रींना त्याचे नाव विचारावे आणि तक्त्यातली एक ओळ पूर्ण भरावी. मग तोच सांधा कार्यशाळेत कापावा. याला नवे यंत्र लागत नाही, निधीही लागत नाही, आणि मुलाला कळते की आपण शिकतो ते आपल्याच गावात उभे आहे. तक्ता खुला आहे, कोणत्याही संस्थेने उतरवून घ्यावा, वाढवावा, आमचे नावही घालू नये.

दुसरी मागणी आपल्या वाचकांकडे, विशेषतः ज्यांच्या घरी वाडा किंवा कौलारू घर उतरवण्याचे ठरले आहे त्यांच्याकडे. ठेकेदाराशी बोलताना एक तास मागून घ्या. सांधा सुटला तर दोन्ही तुकड्यांचे वेगवेगळे फोटो घ्या आणि शेजारी फूटपट्टी ठेवा. उतरवण्याआधीच खडूने लाकडावर 'वर' लिहा आणि रस्ता कोणत्या बाजूला ते लिहा, कारण खाली आल्यावर भार कुठून येत होता हे कोणालाच सांगता येत नाही. पाचर कोणत्या बाजूने मारली आहे, खुंटी आरपार आहे की नाही, तेही पाहा. पाचर काढू नका. मग घरातल्या किंवा गावातल्या जुन्या मिस्त्रींना बोलवा, चहा द्या, लाकूड त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "याला तुम्ही काय म्हणता?" जे सांगतील ते जसेच्या तसे लिहा, शुद्ध करू नका. आणि नाव न सांगता त्यांनी हातांनी करून दाखवले, तर त्यांच्या हातांचा फोटो घ्या. आमच्या तक्त्यात त्या तुळईच्या सांध्यापुढे नावाच्या खान्यात सध्या तसाच एक फोटो आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (सुतारकाम)
वाई, जि. सातारा